वाट कोठे अडली?

प्रवरेच्या कालव्यावर ज्यांच्या घरची शेती आहे, त्या मुलांना एक प्रसंग चांगला परिचयाचा असेल. आवर्तन सुटलेले असते, कालवा भरून वाहत असतो, पण आपल्या शेतात मात्र पाणी येत नाही. अशा वेळी जाणता शेतकरी घाईने बांध फोडत नाही. तो फावडे खांद्यावर टाकतो आणि पाण्याच्या वाटेने चालू लागतो. पोटचारीत पाणी आहे का? नाही. वरच्या चारीत आहे का? आहे. म्हणजे अडचण या दोहोंच्या मध्येच कोठेतरी आहे. तेथे दार बंद असेल, उंदराच्या बिळातून पाणी दुसरीकडे फुटले असेल, किंवा पाणी मागणीचा सात नंबरचा अर्जच भरायचा राहिला असेल.

अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. तेथून सोडलेले पाणी प्रवरेच्या पात्रातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि मग डाव्या व उजव्या कालव्यांत वळते. एका धरणाचे पाणी अनेकांनी वाटून घ्यायचे, तर वाट हवी, दारे हवीत आणि कोणाला किती याचे नियमही हवेत. कार्यालयातील संगणक एकमेकांची माहिती वाटून घेतात तेव्हाही याच तीन गोष्टी लागतात. म्हणून तेथे काही अडले, तर शोधण्याची रीतही शेतकऱ्याचीच आहे. ती कशी, ते आज पाहू.

एका शाळेतील सकाळ

अशी कल्पना करा. श्रीरामपूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात तीन संगणक आहेत. एक लिपिकांच्या टेबलावर, दुसरा परीक्षा विभाग पाहणाऱ्या बाईंकडे आणि तिसरा मुख्याध्यापकांच्या खोलीत. दहावीच्या विद्यार्थ्यांची नावे, आईचे नाव, जन्मतारीख, विषय ही सारी माहिती लिपिकांच्या संगणकात ‘दहावी’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे. हे फोल्डर सामाईक केलेले, म्हणजेच ‘शेअर’ केलेले असल्यामुळे बाईंना आपल्या जागेवरून त्यात दुरुस्ती करता येते.

काल संध्याकाळी विजेचा दाब एकाएकी वाढला आणि भिंतीवरचा राउटर जळाला. लगेच नवा आणून बसवला. आज परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, आणि सकाळी बाईंच्या संगणकावर ते फोल्डर उघडेना. ‘मार्ग सापडला नाही’ एवढाच संदेश पडद्यावर आला.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कोणी म्हणाले, “सगळे बंद करून पुन्हा चालू करा.” कोणी म्हणाले, “विंडोज नव्याने टाका.” शिपाईमामांनी पेनड्राइव्ह पुढे केला. हा शेवटचा उपाय सोपा वाटतो खरा, पण त्यात एक धोका आहे. पेनड्राइव्हवरून नेलेली फाइल ही दुसरी प्रत झाली. बाईंनी त्या प्रतीत एखाद्या मुलीची जन्मतारीख सुधारली, तरी लिपिकांच्या प्रतीत ती चुकीचीच राहणार. संध्याकाळी मंडळाकडे यांपैकी कोणती प्रत जाईल? दहावीच्या प्रमाणपत्रावरील चुकीची तारीख पुढे कितीतरी वर्षे त्रास देते. माहितीची प्रत एकच असावी आणि ती सर्वांनी वापरावी, हाच तर सामाईक फोल्डरचा खरा उपयोग आहे.

फोल्डर उघडते तेव्हा काय घडते?

आपण माऊसने दोनदा टिचकी मारतो आणि फोल्डर उघडते. त्या क्षणभरात सहा प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी मिळालेली असतात.

१. दोन्ही संगणक जाळ्याला जोडलेले आहेत का?
२. दोघांनाही योग्य पत्ता मिळाला आहे का?
३. संगणकाच्या नावावरून त्याचा पत्ता सापडतो का?
४. फोल्डर देणाऱ्या संगणकाचे दार उघडे आहे का?
५. मागणाऱ्याची ओळख पटते का?
६. ओळख पटलेल्या व्यक्तीला त्या फोल्डरचा अधिकार आहे का?

यांपैकी एकाचे उत्तर जरी ‘नाही’ आले, तरी फोल्डर उघडत नाही. वापरणाऱ्याला मात्र सहाही बिघाड सारखेच दिसतात. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा एकेक प्रश्न क्रमाने विचारावा.

पहिला प्रश्न: जोडणीचा

संगणकाच्या मागे जेथे नेटवर्कची केबल बसते, तेथे बहुतेक वेळा एक लहान दिवा असतो. तो लागला नसेल, तर केबल, तिचा प्लग किंवा पलीकडचे यंत्र यांत दोष आहे. केबलीच्या आत आठ तारा असतात आणि त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. तारा पिळण्याचे कारण मोठे मजेदार आहे. एकच संदेश जोडीतील दोन तारांवरून परस्परविरुद्ध स्वरूपात पाठवतात आणि पलीकडे त्या दोहोंतील फरक मोजतात. शेजारच्या पंख्यामुळे किंवा विजेच्या तारेमुळे आलेला व्यत्यय पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो, त्यामुळे फरक काढताना तो वजा होऊन जातो.

या तारांच्या जाळ्याची कल्पना १९७३ सालची. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ती मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती उभी केली. तिचे नाव ईथरनेट. आजही कार्यालयांतील तारांचे जाळे त्याच नावाने चालते. अशी एक केबल साधारणपणे १०० मीटरपर्यंतच वापरावी असा नियम आहे.

केबलीचा संशय आला, तर चांगली चालणारी केबल तेथे लावून पाहावी. त्या वेळी दुसरे काहीही बदलू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच फरक कशामुळे पडला ते कळते. विज्ञानाच्या प्रयोगात आपण एकच चल बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो, तोच हा नियम.

आपल्या शाळेत दोन्ही संगणकांचे दिवे लागलेले होते. पुढे जाऊ.

दुसरा प्रश्न: पत्त्याचा

जाळ्यावरील प्रत्येक संगणकाला एक अंकी पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५. यातील प्रत्येक भाग आठ द्विमान अंकांचा असतो. २ चा आठवा घात २५६, म्हणून प्रत्येक भागात ० ते २५५ एवढेच आकडे येतात.

कार्यालयातील लहान जाळ्यात बहुधा पत्त्याचे पहिले तीन भाग सर्वांचे सारखे असतात आणि शेवटचा भाग प्रत्येकाचा वेगळा असतो. पहिले तीन भाग म्हणजे गल्ली आणि शेवटचा भाग म्हणजे घर क्रमांक असे समजा. एकाचा पत्ता १९२.१६८.०.१० आणि शेजारच्याचा १९२.१६८.१.१० असेल, तर टेबले एकमेकांना लागून असूनही त्यांच्या गल्ल्या वेगळ्या. कार्यालयात वायफायसाठी कोणी दुसरा राउटर आणून जोडला, की हा घोटाळा पुष्कळदा होतो.

हे पत्ते बहुधा राउटरच वाटतो. राउटरकडून पत्ता मिळाला नाही, तर विंडोज संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. असा पत्ता दिसला, की समजावे, या संगणकाची हाक राउटरपर्यंत पोचलेली नाही.

विंडोजच्या कमांड खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत टंकला, की आपला पत्ता दिसतो. बाईंच्या संगणकाचा पत्ता निघाला १९२.१६८.१.१२ आणि लिपिकांचा १९२.१६८.१.११. गल्ली एकच, घरे वेगळी. पत्तेही ठीक.

आता ‘पिंग’. एका संगणकाने दुसऱ्याला “आहेस का?” असे विचारायचे आणि त्याने “आहे” म्हणायचे, एवढाच याचा अर्थ. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात जाळ्यातील बिघाड शोधण्यासाठीच हा छोटा कार्यक्रम लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव मिळाले.

बाईंच्या संगणकाने राउटरला पिंग केले, उत्तर आले. लिपिकांच्या संगणकानेही राउटरला पिंग केले, उत्तर आले. पण बाईंच्या संगणकाने लिपिकांच्या संगणकाला विचारले, तेव्हा मात्र शांतता! येथे थोडे थांबून विचार करा. दोघेही राउटरपर्यंत पोचतात, म्हणजे तारा शाबूत आहेत. मग उत्तर का येत नाही? लिपिकांचा संगणक कदाचित हाक ऐकत असेल आणि मुद्दाम गप्प राहत असेल. पिंगला उत्तर आले तर वाट नक्की आहे, पण उत्तर आले नाही म्हणून वाट नाही असे सिद्ध होत नाही.

तिसरा प्रश्न: नावाचा

आपण संगणकाला नावाने हाक मारतो, पण जाळ्याला लागतो पत्ता. नावावरून पत्ता शोधण्याचे काम कधी कधी फसते. याची परीक्षा सोपी आहे. फोल्डर उघडताना दोन उलट्या तिरप्या रेघांच्या पुढे नावाऐवजी आकडी पत्ता घालावा. पत्त्याने उघडले आणि नावाने उघडले नाही, तर दोष नावाच्या शोधात आहे. उलट, कोणी फोल्डरची खूण आकडी पत्त्यानेच करून ठेवली असेल आणि वीज जाऊन आल्यावर राउटरने पत्ते बदलले असतील, तर ती खूण चुकीच्या घरी नेते. त्यासाठी फोल्डर देणाऱ्या संगणकाचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवता येतो.

आपल्या शाळेत आकडी पत्त्यानेही फोल्डर उघडले नाही. म्हणजे अडचण आणखी पुढे आहे.

चौथा प्रश्न: दाराचा

प्रत्येक संगणकाला अनेक अदृश्य दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. विंडोजमध्ये फोल्डरची देवघेव ४४५ क्रमांकाच्या दाराने होते. या दारांवर फायरवॉल नावाचा पहारेकरी असतो. आपण कोणत्या जाळ्यात आहोत, हे पाहून तो दारे उघडी किंवा बंद ठेवतो. बसस्थानकावरचे वायफाय हे ‘सार्वजनिक’ जाळे, तेथे दारे बंद. घरचे किंवा कार्यालयाचे जाळे ‘खासगी’, तेथे देवघेवीची दारे उघडता येतात.

आता कोडे सुटते. काल नवा राउटर बसला. विंडोजच्या दृष्टीने हे नवे, अनोळखी जाळे झाले आणि अनोळखी जाळ्याला ते ‘सार्वजनिक’ मानते. म्हणून लिपिकांच्या संगणकाने दारे लावून घेतली आणि पिंगलाही उत्तर दिले नाही. त्याने चूक काहीच केली नव्हती, उलट सावधगिरीच दाखवली होती. हे जाळे आपल्या कार्यालयाचेच आहे याची खात्री करून लिपिकांनी ते ‘खासगी’ केले. पिंगला उत्तर आले.

पाचवा प्रश्न: ओळखीचा

पण फोल्डर अजून उघडले नाही! आता पडद्यावर नाव आणि पासवर्ड यांची मागणी आली. ‘काहीच उपयोग झाला नाही’ असे म्हणून पुष्कळ जण येथे निराश होतात. खरे तर ही आनंदाची गोष्ट आहे. संदेश बदलला, याचा अर्थ पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे आता ‘होय’ आहेत. पाणी पोटचारीपर्यंत आले आहे.

लिपिकांनी कालच आपल्या संगणकाचा पासवर्ड बदलला होता आणि बाईंच्या संगणकात जुनाच साठवलेला होता. लिपिकांनी रोज सकाळी वापरतात तो चार अंकी पिन टंकला, पण तो नाकारला गेला. कारण पिन हा फक्त त्याच यंत्रापुरता असतो, तो जाळ्यावरून चालत नाही. जाळ्यावरून ओळख पटवताना खात्याचा पासवर्डच लागतो. आणि हा पासवर्ड फोल्डर देणाऱ्या संगणकावरील खात्याचा असावा लागतो, मागणाऱ्याच्या संगणकावरील नव्हे. दुसऱ्याच्या घराला आपल्या घराची किल्ली लागत नाही.

लिपिकांनी आपला पासवर्ड बाईंना सांगितला असता, तर काम लगेच झाले असते. पण मग त्या पासवर्डाने उघडणारे सर्व काही, वेतनाची कागदपत्रेसुद्धा, उघडे पडले असते. त्याऐवजी त्यांनी आपल्या संगणकावर ‘परीक्षा’ नावाचे वेगळे खाते आणि त्याला वेगळा पासवर्ड दिला. फोल्डर उघडले.

सहावा प्रश्न: अधिकाराचा

बाईंनी एका मुलाच्या नावातील चूक सुधारली आणि फाइल जतन करू लागल्या, तो संदेश आला, ‘प्रवेश नाकारला’. वाचता येते, पण लिहिता येत नाही!

विंडोजमध्ये सामाईक फोल्डरला बहुधा दोन पहारे असतात. एक जाळ्यावरून येणाऱ्यांसाठी आणि दुसरा प्रत्यक्ष डिस्कवरील फाइलींसाठी. वाड्याचा दिंडीदरवाजा आणि आतल्या खोलीचे दार यांसारखे. दिंडीदरवाजा सताड उघडा असला, तरी खोली बंद असेल तर आत जाता येत नाही. दोन नियमांपैकी जो अधिक कडक, तोच चालतो. पहिल्या पहाऱ्यात ‘परीक्षा’ खात्याला लिहिण्याचा अधिकार दिला होता, दुसऱ्यात तो द्यायचा राहिला होता. तो दिला आणि दुरुस्ती जतन झाली. मुख्याध्यापकांना यादी फक्त पाहायची होती, म्हणून त्यांच्यासाठी केलेल्या खात्याला वाचण्याचाच अधिकार ठेवला. अर्ज वेळेवर भरले गेले.

बांध फोडण्याचा मोह

या साऱ्या खटाटोपापेक्षा एक सोपी युक्ती दिसते. फायरवॉलच बंद करावी, ‘सर्वांना सर्व अधिकार’ द्यावेत, पासवर्ड काढून टाकावा, म्हणजे फोल्डर पटकन उघडेल. अनेक कार्यालयांत असे केले जाते. पण बांध फोडला की पाणी आपल्या शेतात येते तसे नको तेथेही जाते.

२०१७ साली जगाने हे अनुभवले. फोल्डर वाटून घेण्याच्या विंडोजमधील व्यवस्थेच्या जुन्या आवृत्तीत एक दोष होता. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक कार्यक्रम त्याच ४४५ क्रमांकाच्या दाराने संगणकांत शिरू लागला. तो फायली कुलूपबंद करी आणि खंडणी मागे. ब्रिटनमधील रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या.

त्यानंतर २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ पसरला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीच्या सुधारित आवृत्तीतून तो सुटला आणि जगभर व्यवहार असलेल्या मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाचे एक टर्मिनल आहे. तेथील संगणकांवर चालणारे कामकाज ठप्प झाले. विशेष म्हणजे दोषाची दुरुस्ती केलेले संगणकही नॉटपेट्याच्या तावडीत सापडले, कारण तो एका संगणकातून मोठ्या अधिकाराचे पासवर्ड चोरून दुसऱ्यात शिरत असे. ज्याला जेवढे लागते तेवढेच अधिकार द्यावेत, हा नियम किती मोलाचा आहे ते यावरून कळते.

म्हणून बिघाड शोधताना फायरवॉल बंद करण्याऐवजी आपल्याला हवे तेवढेच दार आपल्याच जाळ्यापुरते उघडावे. एखादे जुने यंत्र चालावे म्हणून देवघेवीची जुनी, सदोष आवृत्ती पुन्हा सुरू करू नये. आणि महत्त्वाच्या फायलींची एक राखीव प्रत जाळ्यापासून वेगळी ठेवावी.

करून पाहा

शिक्षकांची परवानगी घेऊन आणि त्यांच्या देखरेखीखाली शाळेच्या संगणक कक्षात हा प्रयोग करा. एका वहीत प्रत्येक संगणकाचे नाव आणि पत्ता लिहा. सर्वांचे पहिले तीन भाग सारखे आहेत का ते पाहा. दोन संगणक निवडून एकमेकांना पिंग करा आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते नोंदवा. मग एकाची केबल काढून पुन्हा पिंग करा आणि आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून घ्या. केबल परत लावा. एका रिकाम्या फोल्डरला केवळ वाचण्याचा अधिकार देऊन ते सामाईक करा आणि दुसऱ्या संगणकावरून त्यात फाइल ठेवण्याचा प्रयत्न करा. हा दुसरा संदेशही उतरवा. दोन्ही संदेश शेजारी ठेवून विचार करा, कोणत्या संदेशात वाट अधिक लांबपर्यंत चालून झाली होती?

ती वही कक्षातच ठेवा. पुढे कधी काही बदलले, तर तारीख घालून त्यात लिहा. आपल्या गोष्टीतील शाळेत ‘काल राउटर बदलला, पासवर्ड बदलला’ एवढी एक ओळ वहीत असती, तर सकाळचे निम्मे काम वाचले असते.